आरशामागचा फास्टॅग

डोंबिवलीहून नाशिकला निघालं की कल्याण ओलांडल्यावर पडघ्याचा टोलनाका लागतो. तिथे टोल भरतो तो फास्टॅग; काचेला आतून, आरशामागे चिकटवलेल्या या टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या यंत्राच्या रेडिओ लहरींनीच त्यातली इवलीशी चिप जागी होते, गाडीची ओळख सांगते आणि खात्यातून पैसे वळते होतात. म्हणून टॅग हातात धरून दाखवू नका, नीट चिकटवा.

आदल्या रात्री शिल्लक तपासाच! १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गावर टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल पडतो. खासगी मोटारीचा २०० फेऱ्यांचा वार्षिक पास (२०२५ मध्ये तो ३,००० रुपयांना होता) पडघ्याला चालतो. पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावर, खालापूरला, मात्र नेहमीसारखेच पैसे कापले जातात. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली, तर १०३३ लावा.