'बॉर्डर' म्हणजे काठ

(सिमरोल येथील मराठी मंडळींपुढे केलेल्या भाषणातून)

मंडळी, मी बेळगावचा, सीमाभागातला. इथे सिमरोलला तसं सांगितलं की विचारतात, "बार्डर पे? फौज में हो क्या?" त्यांचं चुकत नाही. घोळ त्या शब्दातच आहे.

इंग्रजीत त्याचे उच्चाराचे तुकडे दोन, बॉर-डर. जोर पहिल्यावर. लंडनकडचा माणूस दोन्ही 'र' गिळून 'बॉ-ड' म्हणतो. आपण दोन्ही ठणठणीत उच्चारतो. 'ऑ'चा 'आ' झाला की इथला 'बार्डर'. शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि मुळात अर्थ नुसता कड, किनार. देशाची हद्द हा अर्थ मागाहून चिकटला.

तो जुना अर्थ साडीच्या दुकानात अजून शाबूत आहे बघा. तुमच्या महेश्वरीची बॉर्डर, आमच्या इरकलीची बॉर्डर. आपला शब्द काठ. इरकलीचं गाव इलकल कर्नाटकात, पण नेसणाऱ्या आमच्या आज्या मराठीच! काठ लुगड्याबरोबरच विणला जातो, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

१ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि इंदूर मध्य प्रदेशात. तारीख एकच, पण प्रश्न वेगळा. इंदूर महाराष्ट्रापासून लांब. आमचा पट्टा महाराष्ट्राला खेटून. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे, आणि तो २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. म्हणून विनंती एवढीच, आमच्याबद्दल लिहिताना-बोलताना नुसतं 'बॉर्डर' नको, 'सीमाभाग' म्हणा, आणि जमलं तर गावाचं नावही घ्या: बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी.