स्कूटरचे नवे दिवे आणि भोर-वेल्ह्याचे रस्ते



स्कूटरचा जुना बल्ब काढून त्या जागीं एलईडी बल्ब बसवावा कीं नाहीं, हा प्रश्न पुणें शहरांत विचारला तर तो केवळ आवडीनिवडीचा वाटेल. लक्ष्मी रस्त्यावर रात्रीं गाडीचा दिवा विझला तरी वाट दिसते. म्हणून हा प्रश्न मी मुद्दाम भोर आणि वेल्ह्याच्या मुलखांत नेऊन आपल्यापुढें मांडणार आहें. कापूरहोळ सोडून गाडी भोरकडे वळली, किंवा नसरापूर ओलांडून विंझरवरून वेल्ह्याकडे निघाली, कीं गांव मागें पडतांच रस्त्यावरचे दिवे संपतात. पुढें उजेड तो आपल्याच गाडीचा. पावसाळ्यांत वरंधा घाटाच्या बाजूला, किंवा केळद आणि मढे घाटाकडे, ढग रस्त्यावरच उतरतात. ओल्या डांबरावर उभी असलेली काळी म्हैस दिसते तेव्हां ब्रेक दाबण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. अशा ठिकाणीं चांगला दिवा ही चैन नव्हे.

जुनी स्कूटर ही तशी या मुलखाची शेजारीणच. ‘चेतक’ १९७२ पासून बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यांतून निघूं लागली. ‘प्रिया’ ही १९७५ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या सातारच्या कारखान्यांत तयार होई. दोहोंचें उत्पादन केव्हांच थांबलें. २०२० सालीं ‘चेतक’ हें नांव पुन्हां बाजारांत आलें तें विजेवर चालणाऱ्या गाडीचें, आणि तिचे दिवे मुळांतच एलईडीचे आहेत. आपला प्रश्न आहे तो वडिलांच्या हातची म्हणून घरांत जपून ठेवलेल्या जुन्या गाडीचा.

जुन्या दिव्याविषयींची तक्रार रास्त आहे. या गाड्यांत दिव्याला वीज मिळते ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोकडून. इंजिन जोरांत असलें कीं दिवा उजळतो, मंदावलें कीं मिणमिणतो. घाटांतल्या वळणावर गाडी सावकाश न्यावी आणि नेमका त्याच वेळीं उजेड आंखडावा, असा हा उफराटा न्याय! शिवाय साध्या बल्बांत तंतु तापवूनच प्रकाश काढावयाचा असल्यामुळें पस्तीस वॅटांपैकीं बहुतेक शक्ति उष्णतेंत जाते. एलईडीमध्यें तापवावयाचा तंतूच नसतो. अर्धवाहक पदार्थाच्या दोन थरांच्या सांध्यावर विजेचे कण वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येतात आणि मधल्या फरकाची शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते. तांबडा दिवा १९६२ सालीं साधला. प्रखर निळ्यासाठीं आणखी तीस वर्षें जावीं लागलीं. पण तो साधल्यावर त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप देऊन पांढरा उजेड मिळूं लागला. या निळ्या दिव्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

विजेची बचत होते हें खरें. मात्र त्यामुळें पेट्रोल वांचेल ही आशा करूं नये. पांच हजार वॅटांच्या इंजिनाला वीस वॅटांचें ओझें कमी झाल्याचा पत्ताही लागत नाहीं. लाभ आहे तो दुसराच. एलईडीला वीज थोडी लागते, म्हणून मंद चालीवरही तो पुरता उजळूं शकतो. डोंगराळ रस्त्यावर एवढ्या एका गुणासाठींसुद्धां तो हवासा वाटावा.

परंतु येथेंच घाई घातक ठरते. दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्बच्या मागें वाटीसारखा आरसा असतो, पुढें रेघा पाडलेली कांच असते, आणि या दोहोंची आंखणी तंतु अमुक जागीं, अमुक लांबीचा आहे असें धरून केलेली असते. कांहीं हॅलोजन बल्बांत डिप्परच्या तंतूखालीं पत्र्याची चिमुकली वाटी असते. आरशाच्या खालच्या भागावर पडून वर उसळणारा उजेड तीच अडविते. बाजारांतल्या पुष्कळ एलईडी बल्बांत प्रकाश देणाऱ्या चकत्या तंतूच्या जागीं नसतात आणि ती वाटीही नसते. मग उजेड भरपूर, पण झोत फुटलेला! वाहनाच्या दिव्याची अधिकृत चाचणी आरसा, कांच आणि ठराविक जातीचा बल्ब यांची मिळून होते, त्याचें कारण हेंच.

फुटलेल्या झोताचा पहिला त्रास स्वतःला होतो. धुक्यांत वर गेलेला उजेड पाण्याच्या कणांवर आदळून आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि पुढें पांढरी भिंत उभी राहते. पिवळा उजेड धुकें भेदतो अशी एक जुनी समजूत आहे. धुक्याचे कण प्रकाशाच्या लहरींहून कितीतरी मोठे असल्यामुळें रंगानें तेथें फारसें अंतर पडत नाहीं. झोत खालीं राहिला पाहिजे, हेंच महत्त्वाचें. दुसरा त्रास समोरच्याचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. ताशीं चाळीस किलोमीटरांच्या वेगानें वाहन एका सेकंदांत अकरा मीटर जातें. डोळे दिपलेला मनुष्य दोनतीन सेकंद जवळजवळ आंधळाच असतो. दूध घालून परतणारा मोटारसायकलवाला असो, कीं खांद्यावर नांगर आणि पुढें बैल घेऊन शिवारांतून येणारा शेतकरी असो, अरुंद रस्त्याच्या कडेला त्याला पाऊल टाकावयास जागा किती, हें ज्यानें तो रस्ता पाहिला आहे त्याला सांगावयास नको.

आतां विजेची बाजू. मॅग्नेटोची वीज क्षणोक्षणीं दिशा बदलते आणि एलईडी एकाच दिशेची वीज घेतो. थेट जोडल्यास तो लुकलुकतो किंवा लवकर जळतो. नुसता एक डायोड मध्यें घातला तर अर्धी लाट फुकट जाते. चार डायोडांचा पूल बसवावा. मात्र मॅग्नेटोच्या कॉईलचें एक टोंक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलें असल्यास तें आधीं सोडवून घ्यावें लागतें, आणि हें काम जाणत्या कारागिराचेंच आहे. जुन्या सहा व्होल्टांच्या गाड्यांत आणखी एक खोंच आहे. पुढचा बल्ब उडाला कीं पाठोपाठ मागचाही उडतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. तेथें बल्बांचें ओझेंच विजेचा दाब आवरून धरीत असतें. हें ओझें एलईडीनें कमी केलें तर दाब चढणारच. म्हणून आधीं रेग्युलेटर, मग नवा दिवा.

इंडिकेटरचा प्रकार त्याहून मजेदार आहे. जुन्या फ्लॅशरमधली पट्टी बल्बांच्या विजेनें तापून वांकते, म्हणून दिवा उघडझाप करतो. एलईडीची थोडी वीज तिला तापवीतच नाहीं. कांहीं कारागीर यासाठीं जादा रोधक जोडून देतात, म्हणजे वांचविलेली वीज पुन्हां उष्णता करण्यांत दवडतात. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेणें हाच सरळ उपाय. मागच्या तांबड्या कांचेआड एलईडीही तांबडाच असावा. पांढऱ्यापैकीं बराच उजेड ती कांच गिळून टाकते. खरें सांगावयाचें तर मागचा दिवा आणि इंडिकेटर आधीं बदलावे. तेथें धोका कमी आणि फायदा निर्विवाद आहे.

पुढच्या दिव्यासाठीं एक परीक्षा घरच्या घरीं होण्यासारखी आहे. सपाट जागीं भिंतीपासून सातआठ मीटरांवर गाडी उभी करून वर माणूस बसवावा. जुन्या बल्बवर डिप्पर लावून झोताची वरची कड भिंतीवर खडूनें आंखावी. मग नवा बल्ब घालून पाहावें. उजेड रेघेच्या खालीं राहिला तर बल्ब ठेवावा. रेघेच्या वर पसरला तर होल्डरमध्यें तो थोडा फिरवून पाहावा; तरीही पसरला तर, कितीही प्रखर असला तरी, दुकानदाराला परत करावा आणि तूर्त नवा हॅलोजन बल्ब, स्वच्छ आरसा व गंज काढलेलें अर्थिंग यांवर भागवावें. मिणमिणणाऱ्या पुष्कळ दिव्यांचें दुखणें त्या गंजांतच असतें.