मराठीत शोधले तर काय सापडते?

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा फारशी बदललेली नाही.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या त्या एसईओबद्दल बोला, पण जेवणानंतरचं सत्र आहे, लोकांना झोप येणार नाही असं बोला." एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. शोधयंत्राच्या निकालात आपले पान वर यावे म्हणून करायची खटपट. या धंद्याला फारशी अब्रू नाही, हे मला ठाऊक आहे. "पहिल्या पानाची हमी, महिना अमुक डॉलर" अशा ईमेली तुम्हालाही येत असतील. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो, धंद्याकडे नंतर वळू.

कोकणात साप-विंचवांबद्दल जनजागृती करणारी एक छोटी संस्था आहे. आपल्यापैकी अनेक जण करतात तसे मीही वर्षाला एक चेक पाठवून मोकळा होत असे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या एका कार्यकर्तीचा फोन आला. त्यांच्या भागातल्या एका शेतकऱ्याला घोणस चावली. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने फोनवर मराठीत "साप चावल्यावर उपाय" असे शोधले, वरचे पान उघडले आणि ते वाचून घरी सांगितले की दोरीने घट्ट बांधा, ब्लेडने चिरा, रक्त वाहू द्या. घरच्यांनी तसे केले. दवाखान्यात पोचायला तीन तास लागले. माणूस वाचला, पायाचे बोट गेले. मुलगा शिकलेला, वडिलांवर जीव असलेला, मांत्रिकाकडे न जाता माहिती शोधणारा! म्हणजे आपण ज्याला विवेकी वागणे म्हणतो तेच त्याने केले होते.

कार्यकर्तीचा प्रश्न साधा होता. "दादा, आमची पुस्तिका वेबसाईटवर आहे. डॉक्टरांनी तपासलेली आहे. मग त्याला ती का नाही दिसली?"

आजचे भाषण म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रश्न किती मोठा आहे तेही सांगतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस उपलब्ध आहे. काय करायचे तेही ठरलेले आहे. माणसाला धीर द्या, चावलेला हातपाय मोडल्यासारखा न हलवता ठेवा, अंगठी-बांगडी काढा, बांधू नका, चिरू नका, चोखू नका आणि लस असलेल्या दवाखान्यात न्या. एवढे पोस्टकार्डावर मावते. ते लोकांपर्यंत पोचवणे मात्र अवघड, आणि हल्ली पोचवण्याच्या वाटेवर शोधयंत्र बसलेले आहे.

मी त्यांची वेबसाईट उघडली. पुस्तिका होती, बत्तीस पानांची, सुंदर. पण ती स्कॅन केलेली. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ते बत्तीस फोटो. शोधयंत्रे हल्ली फोटोतली अक्षरे ओळखायचा प्रयत्न करतात, पण वाकड्या स्कॅनमधली जोडाक्षरे त्यांना नेहमी जमतात असे नाही. त्या भरवशावर राहू नये.

मुख्य पानाची गंमत आणखी वेगळी. ते जुन्या फॉन्टमध्ये होते. इथे जे पंधरा-वीस वर्षांपूर्वी मराठी टंकायची धडपड करत होते त्यांना आठवेल. युनिकोड रुळायच्या आधी शुषा, शिवाजी असे फॉन्ट आपण वापरायचो. पडद्यावर देवनागरी दिसायची, पण आत साठवलेली असायची रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. फॉन्ट म्हणजे त्यांच्यावर चढवलेला मुखवटा. माणूस मुखवटा पाहतो, यंत्र आतला चेहरा पाहते. "सर्पदंश" असे शोधणाऱ्याला ते पान मिळणार कसे? त्या पानात सर्पदंश हा शब्दच नव्हता! देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, तरी आपल्या चळवळींचे, छोट्या नियतकालिकांचे कितीतरी लिखाण अजून अशा मुखवट्यांत किंवा स्कॅनमध्ये पडून आहे. आपण त्याला "ऑनलाईन आहे" म्हणतो. माझ्या मते ते कपाटात आहे, फक्त कपाट काचेचे आहे.

तेव्हा पहिले काम म्हणजे पुस्तिका युनिकोडमध्ये टंकून घेणे. आमच्या गटातल्या चार जणांनी दोन शनिवार-रविवारांत ते केले. यात काहीही हुशारी नाही. पण पुढच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा याचा उपयोग जास्त झाला, हे मुद्दाम सांगतो.

आता क्रम कसा ठरतो ते पाहू. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये असताना मांडलेली मूळ कल्पना आपल्याला अगदी परिचयाची आहे. स्थळाची चौकशी! मुलगा स्वतःबद्दल काय सांगतो याला फारशी किंमत नाही, चार लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात ते पाहायचे. आणि त्या चारांतही ज्याचे नाव इतर जण आदराने घेतात त्याच्या शब्दाला जास्त वजन. (पुरोगामी मंचावर हे उदाहरण दिल्याबद्दल क्षमस्व.) एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे ती शिफारस. इथल्या संशोधकांना सायटेशन म्हटले की लगेच कळेल. आज गूगल याखेरीज पुष्कळ गोष्टी पाहते. पानातला मजकूर प्रश्नाला धरून आहे का, ते फोनवर नीट उघडते का, किती वेळात उघडते, असे बरेच काही. पण शिफारशीचे महत्त्व संपलेले नाही.

शिफारस मोजतात म्हटल्यावर खोट्या शिफारशी आल्याच. २०११ साली न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या दुकानाची हकीगत छापली होती. कपड्यांपासून पलंगपोसापर्यंत काहीही शोधा, हे दुकान वर. कारण कशाचा कशाशी संबंध नसलेल्या हजारो साईटींवर त्याच्या लिंका पेरलेल्या होत्या. कंपनी म्हणाली, आम्हाला हे माहीतच नव्हते, आणि आपल्या एसईओवाल्यांना काढून टाकले. गूगलने दुकान खाली ढकलले. त्याआधी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साईट तर काही दिवस निकालांतूनच काढली होती. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे, असा प्रकार तिथे चालला होता. सांगायचा मुद्दा, हमी देणाऱ्यांना पैसे देऊ नका. क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही. जाहिरात विकत घेता येते, तिच्यावर तसे लिहिलेलेही असते. पण खालच्या निकालांतली जागा विकाऊ नसते.

मराठीचे काही खास प्रश्न आहेत. इंग्रजीतली एसईओची पुस्तके वाचून ते सुटत नाहीत, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिला प्रश्न, लोक काय टंकतात? पुस्तिकेचे शीर्षक होते "सर्पदंश : प्रथमोपचार व व्यवस्थापन". रात्री अकरा वाजता घाबरलेला माणूस "व्यवस्थापन" टंकत नाही. तो "साप चावल्यावर काय करावे" असे लिहितो, किंवा तेच रोमन लिपीत. म्हणून शीर्षकात त्याचे शब्द हवेत, खाली मजकुरात "सर्पदंश" येऊ द्या. आपल्यासारख्यांना प्रमाण, संस्कृतप्रचुर शीर्षकाचा मोह असतो. इथे तो महागात पडतो.

दुसरी आपली सामान्यरूपे. इंग्रजीत शब्द फारसा बदलत नाही. मराठीत "विंचू" चावतो, पण विष "विंचवाचे" असते. यंत्राला दोन्हींचे नाते कळेलच असे धरून चालू नका. दोन्ही रूपे सहजपणे मजकुरात येतील असे लिहा. सहजपणे म्हणालो. एकाच परिच्छेदात वीस वेळा विंचू कोंबला तर वाचणारा पळतो, आणि यंत्रेही आता ते ओळखतात.

तिसरी हिंदी. लिपी एकच, त्यामुळे "विष", "उपाय" असे शब्द पाहून यंत्राला भाषा कळत नाही, आणि हिंदीतली पाने संख्येने कितीतरी जास्त. शीर्षकात "लक्षणे", "करावे", "चावल्यावर" अशी मराठीच असलेली रूपे ठेवली की घोळ कमी होतो.

चौथी अडचण प्रोग्रामर मंडळींना आवडेल. "दुसऱ्या" या शब्दातला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो. एकात वेगळा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. तीच गत ॲसिडिटीतल्या ॲ ची. त्याला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला, पण जुन्या पद्धतीचे लिखाण शिल्लक आहेच. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या साध्या तुलनेत दोन वेगळे शब्द. संस्थेच्या साईटवरची शोधपेटी निम्म्या वेळा "काही सापडले नाही" म्हणायची, ती यामुळेच. आम्ही सगळा मजकूर एका पद्धतीत आणला. आणि पानाच्या पत्त्यात देवनागरी ठेवू नका. तो पत्ता दुसरीकडे चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि पाहणाऱ्याला व्हायरस वाटतो.

बाकी तांत्रिक कामे उरकता येण्यासारखी आहेत. प्रत्येक प्रश्नाला वेगळे पान, मोठे फोटो लहान करणे, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साईट नोंदवणे. सर्च कन्सोल फुकट आहे. लोक कोणते शब्द टंकून आपल्यापर्यंत आले ते त्यात दिसते. एका महिन्याची ती यादी वाचलीत तर दहा परिसंवादांपेक्षा जास्त समाजदर्शन होईल.

आता थोडे अप्रिय. वर असणे आणि खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २००४ मध्ये इथे गूगलवर "ज्यू" हा शब्द इंग्रजीत शोधला तर एक ज्यूद्वेषी साईट पहिली येत होती. काढून टाका म्हणून लोकांनी अर्ज केले. गूगलने ती हाताने काढायला नकार दिला, वर एक खुलासा तेवढा टाकला. तेव्हा अनेकांनी आपापल्या पानांवरून विकिपीडियातल्या ज्यूंवरील लेखाला लिंक दिली आणि तो लेख वर आणला. २०१६ च्या डिसेंबरात, होलोकॉस्ट झाला होता का या प्रश्नाला पहिले उत्तर एका गौरवर्चस्ववादी साईटचे येत असल्याचे गार्डियनने दाखवले. त्यानंतर मात्र गूगलला आपली पद्धत बदलावी लागली. द्वेष करणारे नेमाने लिहितात, एकमेकांना लिंका देतात. आपण एकमेकांचे लेख वाचतो, "छान" म्हणतो आणि गप्प बसतो.

आरोग्याच्या पानांबाबत गूगल आता जास्त चोखंदळ आहे. कोणी लिहिले, त्याचा अधिकार काय, माहिती ताजी आहे का, असे प्रश्न त्यांच्या परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत आहेत. आमच्या पुस्तिकेवर कोणाचेच नाव नव्हते, "संस्थेतर्फे" एवढेच. कार्यकर्त्यांचा विनय! आता प्रत्येक पानावर तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव, पदवी आणि तपासल्याची तारीख आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, त्यांचे संशोधन लॅन्सेटमध्ये आले. ते इंग्रजीत वाचणारे जगभर आहेत. पण विंचू चावतो तो मराठीत शोधणाऱ्याला.

कोणी विचारेल, आता यंत्र थेट उत्तरच लिहून देते, मग ही खटपट कशाला? मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत अशी उत्तरे सुरू केली तेव्हा पिझ्झ्यावर चीज टिकावे म्हणून डिंक घाला, असा सल्ला त्यातून आला होता. कोणीतरी थट्टेत लिहिलेले यंत्राने खरे धरले. यंत्र उत्तर रचते ते कोणीतरी लिहिलेल्यावरूनच. मराठीत "चिरा आणि बांधा" हेच जास्त लिहिलेले असेल, तर ते तरी काय करणार?

आमचे "साप चावल्यावर काय करावे" हे पान पाच महिन्यांनी पहिल्या दहांत आले. नंतर वरखाली होत राहिले. लिंका मिळाल्या त्या एका तालुक्याच्या शाळांकडून, दोन डॉक्टरांच्या साईटींवरून आणि एका ट्रेकिंग क्लबकडून. एकही विकत घेतलेली नाही.

मागच्या टेबलावर कागद ठेवला आहे. त्यावर अजून न लिहिलेली अकरा पाने आहेत. मण्यार चावल्याची लक्षणे डॉक्टरमंडळींपैकी कोणीतरी घ्यावीत. ती रात्री झोपेत चावते, खूण दिसत नाही, पोटात दुखते आणि घरचे अजीर्ण समजतात. कुत्रा चावल्यावरचे पान दोघांनी मागितले आहे, त्यांनी आपसात ठरवावे. फुरशाचे अजून कोणी घेतलेले नाही.