हातात पुस्तक आहे, पण वाचता येत नाही

(पुणे येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वसतिगृहांतील मुलांसाठी तुम्ही वह्या देता, गणवेश देता, थंडीत चादरी पाठवता. आज मी तुमच्याकडे पैशांपेक्षा वेळ मागायला उभी आहे.

आदिवासी पाड्यांवरून शिकायला आलेल्या मुलांमध्ये काही जण असे आहेत की पुस्तक हातात असूनही त्यांना ते वाचता येत नाही. कोणी अंध आहे, कोणाला अंधुक दिसते. कोणाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे नजर चांगली असूनही अक्षरे जुळत नाहीत. ही मुले हुशार आहेत. त्यांचे अडते ते छापील पानापाशी.

हे काम आपल्या मंडळ्यांना नवे नाही. १९०० साली अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. तीच आज दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते. पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांना ब्रेल शिकवले जाई. ब्रेल आजही हवेच. ऱ्हस्व-दीर्घ आणि गणित नुसते ऐकून पक्के होत नाही. पण एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात. ते छापायला वेळ लागतो आणि एसटीतून गावी नेणे कठीण जाते. म्हणून ब्रेलच्या जोडीला आता मोबाईल आणि संगणक आले आहेत. साध्या अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवतो. संगणकासाठी एनव्हीडीए नावाची आज्ञावली फुकट मिळते. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी ती तयार केली.

मग अडचण कुठे आहे? आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील एक महादेव कोळी मुलगी पुण्यात बी.ए. करते आहे. तिला फारच थोडे दिसते. तिच्या वर्गात नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पण त्या असतात पानांचे फोटो. फोन फोटो वाचत नाही. खोलीतली मैत्रीण रात्री वाचून दाखवते. ती मला म्हणाली, “ताई, तिचा पेपर असला की माझा अभ्यास बंद.” परीक्षा दोघींची एकाच आठवड्यात असते.

आपल्याला वाटते, पुस्तक पीडीएफ झाले म्हणजे ते सर्वांसाठी खुले झाले. तसे होत नाही. पान नुसते स्कॅन केले तर यंत्राला ते चित्रच दिसते. ओसीआर करून त्या चित्राचा मजकूर करता येतो, पण मराठीतील जोडाक्षरे आणि रफार अनेकदा चुकतात. ते माणसाने बसून तपासावे लागतात.

दुसरी अडचण जुन्या फाँटची. आपल्याच पुण्यात सी-डॅकने आणि श्रीलिपीवाल्यांनी मराठी संगणकावर आणली, हे मोठे काम झाले. पण त्या काळातल्या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी आत साठवलेले चिन्ह वेगळेच असते. वाचणारे यंत्र ते आतले चिन्ह वाचते, आणि मुलाच्या कानावर निरर्थक आवाज पडतात. तोच मजकूर युनिकोडमध्ये असेल तर यंत्र तो स्पष्ट वाचते.

तिसरी अडचण चित्रांची. धड्यात लिहिलेले असते, ‘शेजारील नकाशा पाहा.’ ज्याला दिसत नाही त्याने काय करावे? तिथे तीन वाक्ये पुरतात: ‘पश्चिमेला सह्याद्रीची रांग उत्तर-दक्षिण गेली आहे. भीमाशंकरला भीमा उगम पावते व आग्नेयेकडे वाहते. आहुप्याच्या बाजूने आलेली घोड नदी पुढे भीमेला मिळते.’ आंबेगावच्या मुलीला हे ऐकून स्वतःचे गाव नकाशावर सापडते.

काही जण विचारतात, दुसऱ्याचे पुस्तक असे उतरवून घेणे कायद्यात बसते का? बसते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. विकलांग व्यक्तींना वाचता यावे म्हणून, नफा न घेता, पुस्तकाची अशी प्रत करता येते. अट अशी की ती प्रत त्यांच्यापुरतीच राहावी, बाजारात जाऊ नये. याच हेतूने २०१३ साली माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. आपण पुस्तक करायला घेण्याआधी ते तिथे आहे का, हे पाहतो. केलेले काम पुन्हा करण्यात अर्थ नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला पुस्तके व साधने मोफत मिळायची, ती अठरा वर्षांपर्यंत. कॉलेजची पुस्तके मात्र बहुधा त्यानंतरच लागतात. पुण्यात मीरा बडवे यांच्या ‘निवांत’ संस्थेने नेमक्या याच वयाच्या अंध मुलामुलींना हात दिला. आपल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही खिंड इथेच आहे. घर दूर, घरात शिकलेले कोणी नाही आणि पाड्यावर नेटवर्क मिळेलच असे नाही. म्हणून आपण पुस्तके मेमरी कार्डावर भरून देतो. सुट्टीत गावी गेले तरी अभ्यास थांबत नाही.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय हाक मारत होता. लोक त्याला गप्प करत होते. प्रभूने त्याला जवळ बोलावले आणि आधी विचारले की तुला काय हवे आहे. तो आंधळा आहे हे तर सर्वांनाच दिसत होते, तरीही विचारले. आपणही आधी विचारू या. एकाला आवाज हवा असतो, दुसऱ्याला मोठी अक्षरे, तिसऱ्याला ब्रेल. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला पुष्कळदा मजकूर आणि आवाज दोन्ही एकत्र लागतात. ज्याच्या घरी कातकरी किंवा ठाकरी बोलतात, त्याला प्रमाण मराठीतला अवघड शब्द समजावून सांगणारा माणूसही लागतो.

तर मागणे एवढेच. ज्यांना मराठी टायपिंग येते त्यांनी आठवड्याला पाच पाने युनिकोडमध्ये टाइप करावीत. निवृत्त शिक्षकांनी ओसीआरची पाने तपासावीत आणि नकाशे, आकृत्यांची वर्णने लिहावीत. ज्यांचे वाचन स्पष्ट आहे त्यांनी धडे ध्वनिमुद्रित करावेत. पंखा बंद करून, सावकाश, प्रत्येक पानाचा क्रमांक सांगून वाचावे. आपल्या उपासनेत शास्त्रपाठ वाचणारे कितीतरी जण हे सहज करतील.

एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा: तारीख. परीक्षेनंतर मिळालेले पुस्तक कितीही सुंदर असले तरी त्या मुलाच्या उपयोगाचे नसते. म्हणून थोडेच काम घ्या, पण वेळेवर द्या.

दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवला आहे. त्यावर आपले नाव, फोन आणि आठवड्यात किती तास देऊ शकता ते लिहा. पहिले पुस्तक इतिहासाचे आहे. त्याची १८४ पाने आहेत आणि ती मुलगी त्याची वाट पाहते आहे.