इनव्हर्नेसहून दिवसभराची सहल

स्कॉटलंडच्या उत्तरेतल्या इनव्हर्नेसहून गाडीने सहल आखताना सर्वांत आधी सूर्यास्ताची वेळ पाहावी. जूनमध्ये तिथे सुमारे १८ तास उजेड असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम साडेसहा. लॉख नेस सरोवराच्या पश्चिम काठाचा ए-८२ रस्ता सोयीचा, पण गर्दीचा. परतताना पूर्वेकडचा, फॉयर्स धबधब्याजवळून येणारा रस्ता घ्यावा. तो कितीतरी देखणा आहे. काही ठिकाणी मात्र तिथे एकावेळी एकच गाडी मावते. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे समोरून कुणी आलं तर वाट देण्यासाठी ठेवलेल्या डावीकडच्या थांब्यात शिरावं. थांबा उजवीकडे असेल, तर त्याच्यासमोर आपल्याच बाजूला थांबावं. मागच्या घाईतल्या गाडीलाही अशीच वाट द्यावी. आणि पेट्रोल शहरातच भरून निघावं.