एकाच चुलीवरचं शहर

माझा भाचा मकावला एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. २०२० च्या अखेरीस तो रत्नागिरीला परत आला. हॉटेल बंद पडलं नव्हतं, पण खोल्या रिकाम्या होत्या आणि बाहेरदेशच्या माणसांना आधी निरोप मिळाला. बॅग उंबऱ्यात ठेवून तो आत गेला तेव्हा माझी बहीण मला म्हणाली, "भाईजान, एवढं पैशाचं गाव, आणि एका दुखण्यात बसलं कसं?"

मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. अर्थशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण बहिणीला उत्तर द्यायचं म्हणून शोधत गेलो, आणि त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगतो.

मकाव म्हणजे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचा, हाँगकाँगजवळचा, जेमतेम तेहतीस चौरस किलोमीटरचा तुकडा. माणसं सात लाखांच्या आत. पोर्तुगीज तिथे १५५७ पासून होते, डिसेंबर १९९९ मध्ये त्यांनी तो चीनला परत केला. चीनमध्ये कॅसिनोला कायद्याने परवानगी आहे ती फक्त इथे. मग काय होणार? पलीकडचा अवघा चीन सुटीच्या दिवशी पत्ते खेळायला या तुकड्यावर उतरतो.

आमच्या घरात पत्त्यांचा जोडसुद्धा चालत नसे, त्यामुळे जुगाराला नावं ठेवणं मला फार सोपं जातं. पण ते सोपं आहे म्हणूनच बाजूला ठेवतो. इथे नीतीपेक्षा हिशेबच जास्त बोलका आहे.

या गावाला दुसरं काही येत नव्हतं का? येत होतं की! सोळाव्या शतकात मकावचे व्यापारी चीनचं रेशीम जपानला नेत आणि चांदी आणत. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना दार बंद केलं. पुढे १८४२ मध्ये हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं आणि तिथल्या खोल बंदराने मकावची जहाजं ओढून नेली. तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १८४७ मध्ये सरकारने जुगाराला परवाना दिला. म्हणजे हा धंदा चैनीतून आलेला नाही, अडचणीतून आलेला आहे.

तरीही इतर चुली पेटत्या होत्या. विसाव्या शतकात इथे उदबत्त्या, काड्यापेट्या आणि फटाके होत. बायका-मुलं घरी बसून फटाक्यांच्या माळा वळत. मकावच्या चलनाचं नाव आहे पटाका. फटाक्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण यमकाची सवय लागलेल्या माणसाला राहवत नाही, काय करू? माझे चाचा जहाजावर खलाशी होते. सत्तरच्या दशकात मकावला उतरले तेव्हाची एकच गोष्ट ते सांगत: गल्लीगल्लीतून शिलाईयंत्रांचा आवाज. परदेशी बाजारातल्या कोट्याच्या आधारावर तयार कपड्यांचे कारखाने तिथे चालत होते. पुढे सीमेपलीकडे जागा आणि मजुरी स्वस्त मिळाली, १ जानेवारी २००५ ला कोटा पद्धतही संपली, आणि यंत्रं गप्प झाली.

नेमक्या त्याच काळात कॅसिनोची चूल भडकली. चाळीस वर्षं एकाच कंपनीकडे असलेला मक्ता २००२ मध्ये मोडला, अमेरिकन कंपन्या आल्या, आणि २००६ मध्ये मकावने जुगाराच्या कमाईत लास व्हेगासला मागे टाकलं. टेबलावर पत्ते वाटायची नोकरी फक्त स्थानिकांना. शाळा अर्धवट सोडलेल्या पोरालाही तिथे पगार असा, की शिकलेल्या मास्तराने चोरून बघावं. पोरं शाळेतून सरळ टेबलाशी जायला लागली. शेवटी २०१२ मध्ये सरकारला कॅसिनोतल्या नोकरीचं किमान वय अठरावरून एकवीस करावं लागलं. दुसरे धंदे कोणी बुडवले नाहीत. त्यांना माणूस परवडेना आणि जागेचं भाडं परवडेना, एवढंच.

आखाताच्या पैशावर पक्की झालेली आमच्याकडची घरं आणि त्यांच्या मागची पडीक भातखाचरं पाहत मी मोठा झालो. मला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही.

आता आकडे ऐका. २०१९ मध्ये कॅसिनोंची कमाई सुमारे २९ हजार कोटी पटाका होती. २०२२ मध्ये ती ४ हजार २०० कोटींवर आली. त्या कमाईतले शंभरातले जवळजवळ चाळीस सरकारचे. सरकारचा गाडा त्यावर, आणि कायम रहिवाशांना २००८ पासून वाटली जाणारी रोख रक्कमही त्यावर. साठवलेली पुंजी होती म्हणून गाव तगलं. माझ्या भाच्याला पुंजी नव्हती.

सरकार स्वस्थ बसलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. चिनी औषधं, वित्तव्यवसाय, नवं तंत्रज्ञान, आणि परिषदा-प्रदर्शनं-खेळ अशा चार वाटांची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. जागा नाही म्हणून शेजारचं हेंगचिन बेट जोडीला घेतलंय; मकावच्या तिप्पट मोठं. विद्यापीठ तर २०१४ मध्येच तिकडे गेलं. जुन्या वस्त्या २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांत पोलिसांच्या मदतीला गोव्याहून आणलेल्या शिपायांसाठी १८७४ मध्ये बांधलेली, मूरांची म्हणवली जाणारी बराकही आहे. पाहुणे तिचे फोटो काढतात आणि संध्याकाळी टेबलाकडे वळतात.

आणि या नव्या वाटांसाठी पैसा कुठून? सहा कॅसिनो कंपन्यांना २०२३ पासून दहा वर्षांचे परवाने मिळाले, ते जवळपास १२ हजार कोटी पटाका गुंतवण्याच्या बोलीवर. त्यातले बहुतेक जुगाराबाहेरच्या कामांसाठी. म्हणजे दुसऱ्या चुलीला जाळही पहिलीतूनच काढायचा. मला ही लबाडी वाटत नाही. दुसरा जाळ आहेच कुठे त्यांच्याकडे? पण पहिली विझत आली की तो देणार कोण, याची धास्ती वाटते.

२०२३ मध्ये भाच्याला पुन्हा बोलावणं आलं. तोवर त्याने इथे लग्नाच्या बिर्याणीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती, बरं चाललं होतं. तो कागद घेऊन माझ्याकडे आला.

"मामू, तिकडे आता नवेनवे धंदे निघतायत म्हणे. मोठी प्रदर्शनं, गाण्याचे जलसे. जाऊ का?"

मी म्हटलं, "जा की. पण तुला बोलावलंय कुणी?"

त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. वरचं बोधचिन्ह जुनंच होतं.