महाविद्यालयाचा कारभार कोणाच्या हाती?



आपल्या चकलांबा गावातली मुलंमुली बारावीनंतर बी.ए.ला जातात ती बहुधा गेवराईला, नाहीतर बीडला. प्रवेशाच्या पावतीवर नाव शिक्षणसंस्थेचं, गुणपत्रिकेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं. महाविद्यालय अनुदानित असेल तर प्राध्यापकांचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून. मग काही अडलं, तर आईवडिलांनी जायचं कुणाकडे?

अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी हे विद्यापीठाचं काम. तिथे प्राचार्यांचंही चालत नाही. पण वर्षाचं अंदाजपत्रक, कोणता विषय नव्याने सुरू करावा, शिक्षकांची कोणती पदं हवीत, याचा पहिला विचार महाविद्यालयातच होतो. त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात 'महाविद्यालय विकास समिती' असावी लागते. तिच्यात संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव असतात, सदस्य-सचिव म्हणून प्राचार्य असतात. शिक्षकांनी निवडून दिलेले तिघे असतात, त्यांत एक तरी महिला. एक शिक्षकेतर कर्मचारी असतो. विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवालाही तिथे जागा आहे.

आणि चार जागा आहेत स्थानिक माणसांच्या. शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतल्या या चौघांत एक तरी माजी विद्यार्थी हवा. नेमणूक संस्था करते, प्राचार्यांशी विचारविनिमय करून. मला या चार जागा सर्वांत मोलाच्या वाटतात. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. मागे आजीजवळ राहून शिकणारी मुलगी सकाळच्या एसटीने पहिल्या तासाला पोहोचते का, तिला वसतिगृहात जागा मिळेल का, हे विद्यापीठात बसून कळणार नाही. ऊसतोडीचं घर जवळून पाहिलेला माणूसच ते बैठकीत ठामपणे मांडील. म्हणून या जागा नुसत्या ओळखीपाळखीने भरल्या जाऊ नयेत, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

समितीच्या वर्षाला किमान चार बैठका व्हायला हव्यात. तेव्हा पालकहो, यंदा प्रवेशाला जाल तेव्हा कार्यालयात विचारा: स्थानिक सदस्य कोण आहेत? मागची बैठक कधी झाली? तिथे उत्तर मिळालं नाही, तर अनुदानित महाविद्यालयाला माहितीचा अधिकार लागू आहे. साध्या कागदावर अर्ज लिहून, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागता येते.